गोपालचं मत, उकंडरावांचं बोट

एका माणसाला एक मत, हा आपल्याकडचा कायदा आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे. बोरजवळ्याचे निवृत्त पोस्टमास्तर उकंडराव यांना यंदाच्या विधानसभेला दोन मतं टाकायची संधी मिळाली, आणि कायदा करणाऱ्यांनी माणशी एकावरच का भागवलं हे त्यांना पुरतं कळून चुकलं.

सुरुवात फोनने झाली. उकंडराव दाढी करत होते. एका गालाला साबण होता. पोरगा गोपाल फौजेत, तिकडे बर्फाच्या मुलखात. त्याला रेंज मिळते तेव्हा इकडे माणसाने साबणाचा विचार करायचा नसतो.

"बाबा, या टायमाले माह्यं मत तुमी टाकाचं," गोपाल म्हणाला.

"काऊन? तुह्या हाताले काय झालं?"

"हाताले काही नाई झालं. फौजी मानसाले तशी सवलत असते. गावातल्या कोण्या एकाले प्रॉक्सी नेमाचं, थो आपल्या नावानं बूथवर जाऊन मत टाकते. साहेबासमोर सही केली म्या. फारम पाठवून राह्यलो."

उकंडरावांचा साबण गालावरच वाळला. त्यांना जे झालं त्याला आनंद म्हणणं अपुरं आहे. मागच्या लोकसभेला झालेला अपमान धुऊन काढायची वेळ आली होती.

तो अपमान असा. मागच्या खेपेला गोपालने टपालाने मत दिलं होतं. म्हणजे मतपत्रिका कॉम्प्युटरवर आली, ती छापायची, खूण करायची, पाकिटात पाकीट घालायचं, साहेबाची साक्ष घ्यायची आणि मतमोजणीच्या आधी इकडे पोचवायची. आधी थंडीने प्रिंटर गोठला. प्रिंटर सुरू झाला तर बर्फ पडायला लागला. हेलिकॉप्टर आलंच नाही. इकडे बोरजवळ्यात गुलाल उधळला, निवडून आलेल्याची मिरवणूक मारुतीपर्यंत नाचत गेली, आणि गोपालचं मत तिकडे खिंडीतच बसून होतं.

गावाला बर्फाशी काय देणंघेणं? गावाने एकच वाक्य धरलं: पोस्टमास्तरच्या पोराचं मत पोस्टात हरवलं. उकंडराव एकेकाला थांबवून सांगत, "पोस्टात नाई हरवलं. पोस्टात पोचलंच नाई. पोचलं असतं तर हरवलं नसतं." लोक मान डोलवायचे आणि पुढे जाऊन हसायचे. ज्या माणसाने आयुष्यभर अर्धवट पत्त्याची पाकिटंसुद्धा बरोबर घरी पोचवली, त्याच्या वाट्याला हे आलं.

त्यामुळे फोन ठेवल्या ठेवल्या उकंडराव अर्ध्या दाढीनिशी शेजारच्या हिंमतरावांकडे गेले. हिंमतराव हे त्यांचे बालमित्र आणि सल्लागार. सल्लागार म्हणजे ते न विचारता सांगतात.

"उकंडा, हे बोगस मतदान झालं ना बे," हिंमतरावांनी पहिला सल्ला दिला.

"बोगस नाई. सरकारी हाय. भारतीय फौजेचा प्रतिनिधी हाय मी."

"मंग तुले पेन्शन वाढवून भेटीन काय?"

उकंडराव पाठ फिरवून निघाले. प्रतिनिधी प्रत्येकाशी बोलत नसतो.

घरी त्यांनी सराव सुरू केला. आपलं मत टाकताना हात थरथरला तर आपलं नुकसान. दुसऱ्याचं टाकताना थरथरून कसं चालेल? म्हणून त्यांनी मिक्सरचं बटण दाबून पाहिलं. एकदाच, ठाम, सैनिकी शिस्तीत. मिक्सरवर झाकण नव्हतं. ठेच्यासाठीच्या हिरव्या मिरच्या आणि लसूण छताला जाऊन चिकटले. अन्नपूर्णाबाई डोळे चोळत म्हणाल्या, "आवो, पोरानं मत टाकाले सांगतलं, घर उडवाले नाई."

फॉर्म आला. त्यावर गोपालची सही होती, त्याच्या साहेबाची सही-शिक्का होता. आता उकंडरावांनी नोटरीसमोर सही करायची आणि तो निवडणूक कचेरीत द्यायचा, एवढंच काम. आपल्याकडे 'एवढंच' या शब्दापासून माणसाने सावध राहायला हवं.

सकाळच्या बसने ते तालुक्याला गेले. ही बस एकेकाळी बोरजवळ्याला येत नव्हती. ती कशी यायला लागली हे गावाला ठाऊक आहे आणि आपणही लवकरच त्या विषयाकडे येऊ. नोटरी वकिलांनी फॉर्म वाचण्याआधी उकंडरावांकडे नीट पाहिलं.

"पोरगा बाहेर, बाप त्याच्या नावानं सही करून राह्यला. वावर विकाचं हाय काय?"

"वावर नाई हो वकीलसाहेब. मत हाय."

"मत विकाचं हाय?"

उकंडराव खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना बसवायला वकिलांनी चहा मागवला, फॉर्म दोनदा वाचला आणि असलं काम आपल्याकडे पहिल्यांदाच आल्याचं कबूल केलं. उकंडरावांची सही झाली. वकिलांनी शिक्का उचलला आणि हलकेच, फुलाला हात लावावा तसा, कागदावर टेकवला. उमटला तो नुसता चंद्रकोरीसारखा काठ.

उकंडरावांना राहवलं नाही. हयातभर शिक्के मारलेला माणूस. "असा नसते मारत, साहेब," म्हणून त्यांनी शिक्का हातात घेतला, मूठ वळली आणि हाणला. शिक्का असा उमटला की त्यातलं अक्षर न् अक्षर आंधळ्यानेही चाचपून वाचावं. फक्त टेबलावरच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. काचेखाली ठेवलेल्या बालाजीच्या फोटोचे दोन बालाजी दिसू लागले. वकील काचेकडे आणि उकंडराव शिक्क्याकडे पाहत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर भक्ती होती, पण वेगवेगळी.

निवडणूक कचेरीत तर मोठीच गर्दी. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म उलटा-सुलटा केला.

"प्रॉक्सी? थे तर पोट्टे कॉलेजात हजेरीले लावतात."

"हे फौजी प्रॉक्सी हाय."

"फौजी तुमी?"

"पोरगा."

"मंग पोराले आना."

"पोराले आनता आलं असतं तर फारम कायले आनला असता?"

कारकुनाने उकंडरावांना दुसऱ्या टेबलावर पाठवलं. ते टेबल घरबसल्या मतदान करणाऱ्या अतिवृद्धांचं होतं. तिथल्या बाईंनी प्रेमाने विचारलं, "आजोबा, चालता येते काय?" उकंडराव मोठ्या आवाजात म्हणाले, "मी चालतच आलो!" बाईंना वाटलं, यांना ऐकू कमी येतं. त्यांनी सहानुभूतीने काहीतरी लिहून घेतलं. तिथून निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांच्या टेबलावर. तिथे त्यांना आणखी कोणी काही विचारायच्या आत प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसवण्यात आलं आणि मतदान यंत्राला सील कसं करायचं हे त्यांनी चहा-बिस्किटासह पूर्ण शिकून घेतलं.

शेवटी ते मोठ्या साहेबांच्या दारात उभे राहिले. साहेब म्हणजे धम्मशीला मॅडम, वयाने सुनेएवढ्या. त्यांनी फॉर्म घेतला, कपाटातलं जाड पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि चेहरा उजळला.

"काका, माझ्या नोकरीत हा पहिला फॉर्म. सगळं बरोबर आहे. शिक्का तर काय सुंदर उमटलाय!"

उकंडरावांना त्या क्षणी मॅडम आपल्या सख्ख्या कन्येसारख्या वाटल्या. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले, आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला आपल्याला सलाम ठोकावासा वाटतोय असा त्यांचा समज झाला.

आता एकच गोष्ट राहिली होती: गोपालचं मत कोणाला? ती विचारायची गरज उकंडरावांना वाटत नव्हती. घर पंख्याचं होतं. पंखा निशाणीचे उमेदवार दर दिवाळीला उकंडरावांना शुभेच्छापत्र पाठवत, तेही टपालाने. टपालाने पत्र पाठवणारा माणूस या काळात वाईट असूच शकत नाही, असं त्यांचं मत. समोर उभ्या होत्या सिंधूताई, गावच्या माजी सरपंच, निशाणी शिलाई मशीन. आणि सिंधूताईंचं नाव उकंडरावांच्या घरात निघत नसे. रस्ता रुंद करताना या बाईने चावडीसमोरची लाल टपालपेटी काढून सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीला लावली होती. उकंडराव तेव्हा नोकरीत होते. पत्र टाकायला जाणाऱ्याला लोक विचारत, "लहान की मोठं?" हे विसरायला माणसाचं काळीज दगडाचं लागतं.

गोपालचा व्हिडिओ कॉल आला. चित्र कमी, खरखर जास्त.

"बाबा, मशीनले टाका."

"कायचं मशीन?"

"शिलाई मशीन. सिंधूताई."

उकंडराव मटकन बाजेवर बसले. "गोपाल, तुले टपालपेटी मालूम हाय ना?"

"बाबा, मले बस बी मालूम हाय. थ्या बाईनं सडकेवर बसून गावाले सकाळची बस आनली. म्हून अर्पिता रोज जाऊन नर्सिंग शिकली. तुमी तुमचं पंख्यालेच टाका. माह्यं..." आणि रेंज गेली.

सून अर्पिता दारात उभी होती. सरकारी दवाखान्यातून आत्ताच आलेली, पांढऱ्या कपड्यांत. ती सरळ चहा ठेवायला आत गेली. बोलली असती तर उकंडरावांना भांडता तरी आलं असतं.

हिंमतरावांना बातमी कळायला वेळ लागला नाही. दोन घरांत भिंत एकच होती आणि व्हिडिओ कॉलवर उकंडराव पार खिंडीपलीकडे ऐकू जाईल असं बोलत. हिंमतराव धावतच आले.

"उकंडा, सोपं हाय. दोन्ही बी पंख्याले टाक. मशिनीले काय मालूम कोनाचं बोट हाय? मतदान गुप्त असते. पोराले बी नाई समजत."

"आन मले?"

"तुले काय?"

"मले तर समजते ना."

हिंमतरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू माणूस हातचा गेला. त्या दिवसापासून उकंडरावांचं जेवणावर लक्ष राहिलं नाही. अन्नपूर्णाबाईंनी भरीत केलं, कळण्याची भाकर केली. ते घास हातात धरून बसत. शेवटी त्या म्हणाल्या, "तीस वर्सं लोकायची पाकिटं तुमच्या हातातून गेली. एखादं उघडून, आतला मजकूर आवडला नाई म्हून बदलला काय कधी?"

"काई बी बोलते! दुसऱ्याचं पाकीट!"

"मंग जेवा."

उकंडरावांनी दोन भाकरी खाल्ल्या.

मतदानाच्या दिवशी उकंडराव पांढरं धोतर, काळा कोट आणि टोपी अशा वेशात बाहेर पडले, तर दारात व्हीलचेअर. सोबत छातीवर बिल्ले लावलेल्या दोन कॉलेजच्या पोरी.

"आजोबा, तुमची खुर्ची."

कचेरीतल्या त्या प्रेमळ बाईंनी काय लिहून घेतलं होतं ते आता उघड झालं. उकंडरावांनी अंगणात चालून दाखवलं, मग उडी मारून दाखवली. पोरी म्हणाल्या, "आमाले सही द्या लागते आजोबा, कोनी तरी बसाच लागीन." हा पेच हिंमतरावांनी सोडवला. त्यांचा गुडघा त्याच क्षणी दुखायला लागला. ते खुर्चीत असे विराजमान झाले की बूथपर्यंत रस्त्यातले लोक नमस्कार त्यांना करत होते आणि फौजेचा प्रतिनिधी मागून धूळ खात चालला होता.

शाळेतल्या बूथवर आधी स्वतःचं मत. तर्जनीला शाई, पंख्याचं बटण, पीं. मनासारखं झालं. उकंडराव बाहेर न जाता वळून पुन्हा पहिल्या टेबलापाशी आले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "आता दुसरं."

सगळ्या माना वळल्या. मग एकच गलका.

"दुसरं? दुसरं कायचं? पकडा यायले!" शिलाई मशीनचा पोलिंग एजंट शेखर बाकावरून उठलाच. "पंख्याचा पक्का मानूस हाय हा! साऱ्या गावाले मालूम हाय! दिवसाढवळ्या बोगस करून राह्यला!"

"पोराचं मत हाय! फौजी हाय माहा पोरगा!"

"तेच तं! बाप पंखा, पोरगा पंखा! चालनार नाई! माही लेखी हरकत घ्या!"

इथे उकंडरावांच्या जिवाची जी कुचंबणा झाली तिला तोड नाही. ज्या मशीनला मत द्यायला ते काळजावर दगड ठेवून आले होते, त्या मशीनचाच माणूस त्यांना आडवा येत होता. "अरे बाबा, तुलेच टाकतो!" एवढं म्हटलं असतं तर शेखरने त्यांना खांद्यावर घेऊन यंत्रापर्यंत नेलं असतं. पण मत गुप्त! आणि पलीकडे पंख्याचा एजंट बाही सरसावून त्यांच्या बाजूने लढत होता. "मास्तरले हात लावून दाखव! टाका मास्तर तुमी, आमी हाओ!" तो त्यांना डोळा मारत होता. उकंडरावांना त्याच्याकडे पाहवेना.

"शेखर," ते घाम पुसत म्हणाले, "मले टाकू दे. तुह्यं भलं होईन."

"धमकी देता काय?" शेखर ओरडला. "लिहून घ्या मॅडम, धमकी देऊन राह्यला!"

केंद्राध्यक्ष बाई शाळेवरच्या शिक्षिका होत्या. त्यांनी टेबलावर पट्टी आपटली. सवयीने दोन्ही एजंटांनी हाताची घडी घातली. मग त्यांनी यादी उघडली. सैनिक मतदारांचं पान सापडेना. उकंडराव टेबलावर वाकून यादी उलटीच वाचू लागले. पुन्हा तेच? मागच्या वेळी बर्फ होता, आता तर कोट घालून बाप समोर उभा आहे, तरीही गोपालचं मत असंच अडकणार? रांगेतले लोक पायांवर पाय बदलत होते, दारातला शिपाई आत डोकावत होता, खुर्चीतले हिंमतराव बाहेरून सल्ले देत होते.

"थांबा," केंद्राध्यक्ष बाई म्हणाल्या. शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी नखाने ती अलगद सोडवली. "गोपाल उकंडराव. प्रॉक्सी, वडील. हे काय, आहे की! काका, डावा हात. नाही, हे बोट नाही. प्रॉक्सीला मधल्या बोटाला शाई असते."

शाईची काडी मधल्या बोटावरून फिरली. गार लागली. उकंडराव पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले.

बटणं तीच, यंत्र तेच. पंख्याशेजारचा दिवा त्यांना ओळखीचा वाटला. त्याच्याखाली, दोन ओळी सोडून, शिलाई मशीन. हात वर गेला. टपालपेटी आठवली; तो वास, ते हसणं. मग पांढऱ्या कपड्यांत दारात गप्प उभी असलेली अर्पिता आठवली. "घे बाप्पा गोपाल," असं पुटपुटून त्यांनी बटण दाबलं. मिक्सरवर दाबलं होतं तसंच, एकदाच आणि ठाम. बाजूच्या काचेत चिठ्ठी दिसली, शिलाई मशीन, आणि टपकन खाली पडली. यंत्र पीं करून इतकं लांब वाजलं की उकंडरावांना वाटलं, हे खिंडीपर्यंत ऐकू जात असणार.

बाहेर शेखरने तोंड फिरवलं. पंख्याच्या एजंटाने हात जोडून आभार मानले. उकंडराव दोघांच्या मधून मान ताठ ठेवून गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकाच वेळी दोन्ही पक्षांना फसवल्यासारखं वाटत होतं, आणि फसवलं तर कोणालाच नव्हतं.

पण दोन बोटांना शाई म्हणजे गावात काय होतं ते विचारू नका. दुपारपर्यंत त्यांचा फोटो मोबाइलमोबाइलवर फिरला: 'बोरजवळ्यात दोनदा मतदान!' हवालदार येऊन चौकशी करून गेला. जाताना त्याने कढी-भाताचं आमंत्रण स्वीकारलं आणि आपला पुतण्याही फौजेत असल्याचं सांगून फॉर्मची माहिती विचारून घेतली. गल्लीतल्या विमलबाई खास बोट पाहायला आल्या आणि शाई खरी आहे का म्हणून चोळून गेल्या. उकंडराव अंगणात बसून येईल त्याला नियम समजावत होते. त्यांचा घसा बसला, पण मन बसायला तयार नव्हतं.

दिवस कलायला लागला तेव्हा अर्पिताचा फोन वाजला. गोपाल! सगळे अंगणात गोळा झाले.

"बाबा, टाकलं काय?"

"टाकलं!"

"मशीनले?"

उकंडरावांनी आजूबाजूला पाहिलं. भिंतीवरून हिंमतरावांचं डोकं वर आलं होतं. रस्त्याने शेखर चालला होता. त्याची चाल मंदावली. अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मतदान गुप्त असते बे," उकंडराव खणखणीत म्हणाले.

"अहो पन माह्यंच मत हाय ना थे!"

"असू दे. मी कोनाचं पाकीट फोडत नसतो."

तिकडे गोपाल हसायला लागला. हसता हसता त्याच्यामागे आणखी चार-पाच तोंडं जमली, टोपड्यांत गुंडाळलेली, लालबुंद नाकांची. कोणी पंजाबी, कोणी मद्रासी. गोपाल त्यांना काहीतरी सांगत होता. मग तो फोन जवळ आणून म्हणाला, "बाबा, माह्यं बोट दाखवा ना."

उकंडरावांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी डावा हात वर केला आणि मधलं बोट फोनसमोर धरलं.

"मामाजी, सगळीच बोटं उघडा, एकटंच नका दाखवू," अर्पिता घाईने कानात म्हणाली.

"काऊन? पोराचं हेच हाय ना!"

पण तिकडे कोणी हसलं नाही. ते सगळे पुढे वाकून पाहत होते. "फौजेत आलो तवापासून शाई लागलीच नाई, बाबा," गोपाल म्हणाला. "जरा जवळ आना." उकंडरावांनी बोट जवळ नेलं. गोपालने तिकडून हातमोजा काढला आणि आपलं बोट पडद्याला टेकवलं.

आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. गोपालचं बोट, त्यामागे हसरे दात, वर बर्फ, सगळं जागच्या जागी.

"गेली रेंज," अर्पिता म्हणाली. "मामाजी, खाली घ्या आता हात. दुखीन."

"येईन रेंज," उकंडराव म्हणाले, आणि बोट तसंच धरून उभे राहिले.